संलग्न कोन व एक चुकीची फुली

वार्षिक अंकाच्या मराठी विभागांत भूमितीवरील लेख पाहून आमचे विद्यार्थी वाचक पान उलटतील, याची मला पूर्ण जाणीव आहे. वर्षभर जिनें छळलें तिनें निदान या अंकांत तरी तोंड दाखवूं नये, अशी त्यांची अपेक्षा असणें स्वाभाविक आहे. तथापि संपादकांनीं मला विषयाची मोकळीक दिली आहे. आणि एका अगदीं लहानशा गोष्टीविषयीं चारचौघांसमोर लिहावें असें मला बरींच वर्षें वाटत आलें आहे. ती गोष्ट म्हणजे सातवीच्या वर्गांत शिकविले जाणारे संलग्न कोन. हा भाग आम्ही दोन तासांत उरकतों, परीक्षेंत त्यावर एखाददुसऱ्या गुणाचा प्रश्न घालतों, आणि पुढें जातों. माझें म्हणणें असें आहे कीं, इतक्या घाईनें उरकलेला हा भाग आमचे बहुतेक विद्यार्थी चुकीचा शिकतात, आणि त्या चुकीचे धनी विद्यार्थी नसून आम्ही शिक्षक आहों.

व्याख्या सर्वांस पाठ असते. कोणत्याहि मुलास उभें करून विचारावें. तो एका दमांत सांगतो कीं, ज्या दोन कोनांचा शिरोबिंदु सामाईक असतो, एक भुजा सामाईक असते आणि ज्यांचे आंतरभाग भिन्न असतात, त्यांस संलग्न कोन म्हणतात. उच्चार स्पष्ट, शब्द एकहि गळलेला नाहीं. पण लगेच त्याच मुलास विचारावें, "दोन संलग्न कोनांची बेरीज किती?" दहांपैकीं आठ वेळां उत्तर येतें, "एकशें ऐंशीं." आतांच पाठ म्हटलेल्या व्याख्येंत एकशें ऐंशीं हा आंकडा कोठेंच नव्हता, मग तो आला कोठून? तो आला फळ्यावरील आकृतींतून. एक आडवी रेषा, तिच्यावर मध्येंच उभी केलेली एक तिरपी रेषा, आणि तिच्या दोहों बाजूंस दोन कोन, हीच आकृति आम्ही पहिल्यानें काढतों, आणि पुष्कळदां हीच शेवटची असते. मूल व्याख्या कानानें घेतें व आकृति डोळ्यानें घेतें. आणि कान व डोळे यांचा तंटा लागला म्हणजे डोळेच जिंकतात.

हें मी मोठ्या शहाणपणानें लिहीत असलों तरी हें शहाणपण मला उशिरा आलेलें आहे, व तें कसें आलें हें सांगणें भाग आहे.

नोकरीच्या आरंभींच्या वर्षांतील गोष्ट. एका चाचणी परीक्षेंत मीं प्रश्न घातला होता : "दोन संलग्न कोनांपैकीं एकाचें माप १३० अंश आहे, तर दुसऱ्याचें माप काढा." सर्व वर्गानें ५० अंश हें उत्तर लिहिलें. वसतिगृहांत राहणाऱ्या एका मुलीनें मात्र लिहिलें होतें, "दुसऱ्याचें माप सांगतां येत नाहीं." मीं त्यावर तांबड्या शाईची फुली मारली. उत्तरपत्रिका परत दिल्यावर ती टेबलाजवळ आली व हळूच म्हणाली, "सर, संलग्न कोनांची बेरीज १८० असते असें कुठें लिहिलंय?" मीं पुस्तक उघडून आकृतीवर बोट ठेवलें. ती म्हणाली, "ती तर नुसती आकृति आहे ना, सर." वर्ग हंसला. तें हंसणें तिला होतें कीं मला होतें हें त्या क्षणीं मला कळलें नाहीं, आणि जें आपल्याला कळत नाहीं त्याचा राग येणें हा तरुण शिक्षकांचा स्वभावच असतो. उलट उत्तरें करूं नयेत असें मीं तिला बजावलें व जागेवर बसविलें. त्या वर्षीं तिनें मला पुन्हां एकहि प्रश्न विचारला नाहीं. वार्षिक परीक्षा झाल्यावर तिच्या वडिलांची बदली झाली आणि तिचें नांव आमच्या पटावरून निघालें.

ती बरोबर होती. प्रश्न चुकीचा होता. मला म्हणावयाचें होतें "रेषीय जोडींतील कोन", आणि मीं लिहिलें "संलग्न कोन". हा फरक पुढच्या वर्षीं तोच पाठ तयार करीत असतांना एका रात्रीं अचानक माझ्या ध्यानीं आला, आणि तेव्हां तो गुण द्यावयास कोणी उरलें नव्हतें.

आतां फरक काय तो पाहूं. त्यासाठीं कोनमापकाची गरज नाहीं. एक भाकरी पुरे. भाकरी मधोमध मोडली म्हणजे दोन अर्ध्या होतात. अर्ध्या भाकरीची जी सरळ कड असते तिचा मध्यबिंदु धरून तिचे पुन्हां दोन तुकडे केले म्हणजे दोन चतकोर होतात. हे दोन तुकडे शेजारीं शेजारीं असतांना त्यांचें टोंक एक असतें, मधली कड दोघांची असते, आणि एकाचें पीठ दुसऱ्यांत गेलेलें नसतें. व्याख्येंतील तिन्ही अटी येथें पाटावर मांडलेल्या आहेत. मोडणाऱ्याचा हात वांकडा पडला आणि एक तुकडा मोठा व दुसरा लहान झाला, तरी दोघे मिळून अर्धी भाकरीच असते. बाहेरच्या दोन कडा एका सरळ रेषेंत असतात. हीच रेषीय जोडी. येथें बेरीज १८० अंश येते, ती कोन संलग्न आहेत म्हणून नव्हे, तर दोघेहि एका अर्धी भाकरीचे भाग आहेत म्हणून.

आतां एक चतकोर घ्या आणि दुसऱ्या एखाद्या भाकरीचा चिंचोळा तुकडा, समजा ४० अंशांचा, त्याला टोंकाशीं टोंक व कडेला कड लावून ठेवा. हे दोन तुकडे संलग्न आहेत कीं नाहींत? अर्थात् आहेत. बेरीज किती? १३०. चिंचोळ्याऐवजीं दुसरा कोणताहि तुकडा ठेवा. संलग्नता कायम राहील व बेरीज बदलत जाईल. म्हणून एक कोन १३० अंशांचा आहे व दुसरा त्यास संलग्न आहे, एवढ्यावरून दुसऱ्याचें माप काढा म्हणणें म्हणजे ताटांत चतकोर पाहून शेजारच्या ताटांत किती वाढलें आहे हें ओळखा म्हणण्यासारखें आहे.

तिसऱ्या अटीचा, म्हणजे आंतरभाग भिन्न असावेत या अटीचा अर्थ मुलांस सहसा कळत नाहीं. त्यांना ती कायद्याच्या कागदांतील एखाद्या कलमासारखी वाटते. पाठ करावयाची व विसरावयाची. तोच ४० अंशांचा चिंचोळा तुकडा आतां चतकोराच्या शेजारीं न ठेवतां चतकोराच्या वर ठेवा, टोंकावर टोंक आणि कडेवर कड येईल असा. शिरोबिंदु सामाईक झाला, एक भुजाहि सामाईक झाली. पण दोन्हींची मिळून बाहेरून आकृति पाहिली तर ती चतकोराएवढीच. बेरजेचा पत्ता नाहीं. संलग्न कोनांची कल्पना ज्या कामासाठीं निघाली तें काम म्हणजे कोनांची बेरीज. दोन लांब्या मिळवावयाच्या तर एक काठी संपते तेथें दुसरी ठेवावी लागते. एकावर एक ठेवून चालत नाहीं. तसेंच कोनांचें. एक संपतो त्याच कडेला दुसऱ्यानें आरंभ केला पाहिजे, आणि पाठ फिरवून आरंभ केला पाहिजे. तिसरी अट ती हीच. ही गोष्ट एकदां कळली म्हणजे व्याख्या पाठ करण्याची गरजच उरत नाहीं. मूल ती आपल्या शब्दांत रचूं शकतें.

येथें एका विद्यार्थ्यानें घातलेली अडचण नमूद करतों, कारण तिनें मला चांगलेंच अडविलें होतें. भाकरीचे तीन सारखे तुकडे केले, प्रत्येक १२० अंशांचा. कोणतेहि दोन उचलून शेजारीं ठेवले. ते संलग्न आहेत, बेरीज २४०. पण बाहेरच्या दोन कडांमधील कोन कोनमापकानें मोजला तर तो भरतो १२०! मग बेरीज खोटी कीं कोनमापक खोटा? दोन्ही खरे. दोन कडांमध्यें नेहमींच दोन कोन असतात, एक भाकरीच्या अंगाचा व एक रिकाम्या ताटाच्या अंगाचा. अर्धवर्तुळाकार कोनमापकावर १८० च्या पुढें आंकडेच नसल्यामुळें तो रिकाम्या अंगाचा कोन सांगतो. बेरीज १८० च्या आंत असेल तोंपर्यंत ही भानगड उद्भवत नाहीं, म्हणून पुस्तकें तिच्याविषयीं मौन धरतात. तें मौन सातवींत क्षम्य आहे. मात्र मुलानें विचारल्यावर शिक्षकानेंहि मौन धरणें क्षम्य नाहीं.

संलग्न आणि रेषीय जोडी यांच्या घोटाळ्याचें मूळ शोधूं जातां मला एक मौजेची गोष्ट आढळली, व तिनें माझें मन थोडें हलकें झालें. हा घोटाळा फार जुना व फार थोरांचा आहे. इसवी सनापूर्वीं सुमारें ३०० च्या काळीं अलेक्झांड्रिया येथें युक्लिडनें आपला ग्रंथ रचला. त्याच्या पहिल्या भागांत दहावी व्याख्या काटकोनाची आहे. एका सरळ रेषेवर दुसरी सरळ रेषा उभी राहून जर लगतचे दोन कोन एकमेकांएवढे करीत असेल, तर त्यांतील प्रत्येक कोन काटकोन होय, असा तिचा आशय आहे. या व्याख्येंत "लगतचे" या अर्थाचा ग्रीक शब्द तो बेधडक वापरतो. परंतु लगतचे म्हणजे कोणते, याची व्याख्या तो कोठेंच देत नाहीं. बिंदूची व्याख्या देणारा, रेषेची देणारा, वर्तुळाची देणारा हा काटेकोर पुरुष येथें वाचकाच्या डोळ्यांवर विसंबून राहिला. पुढें चौदाव्या प्रमेयांत हा शब्द येतो तोहि सरळ रेषेवरील जोडीच्याच संबंधांत. जर्मन भाषेंत "नेबनविंकेल", म्हणजे शब्दशः लगतचा कोन, हें नांव आजहि केवळ रेषीय जोडीलाच देतात. रशियन शाळांतूनहि "स्मेझ्नीये" म्हणजे लगतच्या कोनांचा अर्थ तोच. तेव्हां आमचीं मुलें मॉस्कोच्या शाळेंत असतीं तर त्यांचें "एकशें ऐंशीं" हें उत्तर बिनचूक ठरलें असतें! आमच्याकडील पुस्तकांनीं शब्दाचा व्यापक अर्थ स्वीकारला, आणि तो स्वीकारणें योग्यच होतें. पण आकृति मात्र जुन्या संकुचित अर्थाचीच चालू ठेवली. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत घातल्याचा परिणाम काय होतो, हें आमच्या शाळेच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

युक्लिडच्या ग्रंथाचा उल्लेख आला म्हणून एक आनुषंगिक गोष्ट सांगतों. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राट् यानें अरबी भाषेंतून हा ग्रंथ संस्कृतांत आणला व त्याला "रेखागणित" हें नांव दिलें. तें पुढें मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत १९०१-०२ सालीं छापलें गेलें. ग्रीकांतून अरबींत, अरबींतून संस्कृतांत असा त्या ग्रंथाचा प्रवास. भूमितीला धर्म व देश नसतो हें वाक्य आम्ही व्याख्यानांतून फेंकतों; त्याचा पुरावा एखाद्या ग्रंथालयांत हातीं धरून पाहतां येतो, एवढेंच येथें म्हणावयाचें.

काटकोनाच्या त्या दहाव्या व्याख्येंत अंश नाहींत, ९० हा आंकडा नाहीं. बाबिलोनी ज्योतिष्यांकडून जगाला मिळालेल्या ३६० अंशांचा युक्लिड आपल्या ग्रंथांत उपयोगच करीत नाहीं. त्याला काटकोन ओळखण्यास शेजारचा कोन पुरतो. दोन शेजारी सारखे असले कीं झालें. ही व्याख्या मीं बी. ए. च्या वर्गांत वाचली, पुढें शिक्षकांच्या अभ्यासक्रमांत पुन्हां वाचली, आणि समजलों असें मानून चाललों. ती खरी समजावून दिली ती आमच्या बांकांची दुरुस्ती करावयास उन्हाळ्याच्या सुटींत येणाऱ्या मिस्त्रींनीं. त्यांनीं बाजारांतून नवा गुण्या आणला होता. तो पेटींत टाकण्यापूर्वीं त्यांनीं एक सरळ रंधलेली फळी घेतली, तिच्या कडेला गुण्याची जाड बाजू टेकवून पेन्सिलीनें एक रेघ ओढली. मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणीं पुन्हां रेघ ओढली. दोन्ही रेघा एकीवर एक बसल्या. "सर, नवा असला म्हणून गुण्या खरा नसतो," ते म्हणाले, "उलटून बघावा लागतो." पेटींतील जुना गुण्या काढून त्यांनीं तोच प्रयोग केला, तेव्हां वरच्या अंगाला दोन रेघा फांकल्या. गुण्यांत एक अंशाचा दोष असला तर रेघांत दोन अंशांची फट पडते; म्हणजे दोष दुप्पट होऊन समोर येतो. पहिल्या वेळीं डाव्या अंगाचा कोन मोजला, उलटल्यावर उजव्या अंगाचा. रेघ एकच आली तर दोन्ही लगतचे कोन समान, व म्हणून दोन्ही काटकोन. युक्लिडची दहावी व्याख्या ती हीच. मिस्त्री शाळेंत चौथीपर्यंत शिकलेले आहेत. त्यांच्या गुरूनें त्यांना व्याख्या सांगितली नाहीं, कारण सांगितलें.

तेराव्या प्रमेयाची सिद्धताहि याच वाटेनें जाते व ती मुलांस दाखविण्याजोगी आहे. अब ही सरळ रेषा. तिच्यावरील म या बिंदूपासून मक ही तिरपी रेषा निघाली आहे, असें समजा. अमक हा मोठा कोन व कमब हा लहान. म पासून मड हा लंब उभा करावा. आतां म पाशीं तीन कोन एकास एक लागून आहेत : अमड, डमक, कमब. पहिले दोन मिळून मोठा कोन होतो. शेवटचे दोन मिळून एक काटकोन होतो. आणि तिन्ही मिळून दोन काटकोन. म्हणजे मोठा व लहान मिळून दोन काटकोनच. संलग्न कोनांची बेरीज करतां येते, एवढीच एक गोष्ट येथें दोनदां वापरली आहे. बाकी कांहीं नाहीं. हें दाखविल्यावर १८० हा आंकडा वरून पडलेला वाटत नाहीं.

त्यानंतर मक ही रेषा म च्या खालीं ख पर्यंत वाढवावी. कमब हा कोन एका अंगानें अमक चा शेजारी आहे, दुसऱ्या अंगानें बमख चा. दोघांशींहि त्याची बेरीज १८०. म्हणून ते दोघे परस्परांएवढे. विरुद्ध कोन समान असतात, हें मिलेटसच्या थेलीसनें ओळखलें आणि युक्लिडनें सिद्ध केलें, असें युडीमसच्या आधारानें प्रॉक्लस सांगतो. आमच्या वर्गांत हे विरुद्ध कोन निराळा धडा म्हणून येतात व संलग्न कोनांशीं त्यांचें नातें मुलांस माहीतच नसतें. एका घरांतील दोन भाऊ निरनिराळ्या शाळांत घातल्यासारखा हा प्रकार आहे. डाव्ह्ीट हिल्बर्टनें १८९९ सालीं भूमितीच्या पायाचा ग्रंथ लिहिला. युक्लिडनें गृहीत धरलेली "सर्व काटकोन समान असतात" ही गोष्ट त्यानें सिद्ध करून दाखविली, आणि त्या सिद्धतेचा आधार कोणता, तर दोन कोन सारखे असले म्हणजे रेषेवरील त्यांचे शेजारीहि सारखे असतात हा! एवढा भार वाहणारा हा दगड आम्ही दोन तासांत टाकून पुढें जातों. आमच्या उपासनामंदिराच्या कोनशिलेवर साल कोरलेलें आहे म्हणून येणारा जाणारा तिच्याकडे पाहतो तरी.

माझ्या एका वडील सहकाऱ्यांचें मत निराळें आहे, आणि त्यांच्याविषयींच्या आदरामुळें तें मी टाळूं इच्छित नाहीं. ते म्हणतात : "आधीं पाठ होऊं द्या; अर्थ मागाहून येतो. रविवारच्या शाळेंत आपण वचनें पाठ केलीं, तेव्हां तरी कुठें कळत होतीं? आतां तींच आठवतात." यांत तथ्य आहे. बालपणीं आईनें पाठ करून घेतलेलीं स्तोत्रें मला चाळिशी ओलांडल्यावर, एका आजारपणांत, पहिल्यानें कळलीं; पाठ नसतीं तर त्या रात्रीं मजजवळ कांहींच नसतें. परंतु वचन मनांत पडून राहिलें तर तें मुकाट्यानें वाट पाहतें. व्याख्येचें तसें नाहीं. व्याख्या मनांत रिकामी पडली कीं तिच्या रिकाम्या जागेंत आकृति येऊन बसते, आणि मग मूल तोंडानें एक म्हणतें व हातानें दुसरेंच लिहितें. पाठांतराला माझा विरोध नाहीं. पाठांतर पहिल्या दिवशीं नको, चौथ्या दिवशीं असावें, इतकेंच.

दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम मोठा, तास थोडे, आणि वर्गांत साठ मुलें. हा आक्षेप खरा आहे व त्याला माझ्यापाशीं पुरें उत्तर नाहीं. मी इतकेंच सांगूं शकतों कीं, सातवींत या भागावर घालविलेला एक अधिक तास आठवींत समांतर रेषांच्या वेळीं व नववींत त्रिकोणाच्या बाह्यकोनाच्या वेळीं मला परत मिळाला आहे. बाह्यकोन म्हणजे तरी काय? त्रिकोणाच्या एका कोनाचा रेषेवरील शेजारीच तो.

अलीकडे मी आरंभ आडव्या रेषेनें करीत नाहीं. पहिल्या दिवशीं वर्गांत पुठ्ठ्याचे निरनिराळे तुकडे वांटतों (भाकरी वांटण्याचा प्रयोग एकदां केला, दुसऱ्या तासापर्यंत साहित्य उरलें नाहीं) व दोन तुकड्यांची बेरीज करून दाखवा म्हणतों. तुकडे कसे ठेवावे हें मीं सांगावयाचें नाहीं. कोणी टोंकें जुळवीत नाहीं, कोणी एकावर एक ठेवतो, आणि भांडतां भांडतां मुलें तिन्ही अटींवर आपण होऊन येतात. "संलग्न" हा शब्द त्यानंतर फळ्यावर येतो. सरळ रेषा दुसऱ्या दिवशीं. त्या दिवशीं एक कागदाचा खेळहि असतो. कागदाच्या सरळ कडेवर मधें कोठेंहि एक बिंदु घ्यावा व तेथून वाटेल तशी तिरपी घडी घालावी; मग कडेचा डावा भाग त्या घडीवर आणून दुमडावा, उजवा भागहि तसाच. कागद उलगडला म्हणजे नव्या दोन घड्यांमध्यें गुण्या चपखल बसतो. पहिली घडी कशीहि असो, १३० व ५० असो वा १०० व ८० असो, दोघांच्या अर्ध्यांची बेरीज ९० च. साठ मुलांच्या साठ घड्या निरनिराळ्या आणि काटकोन मात्र साठहि सारखे, हें पाहून मागील बांकावरचीं मुलेंहि उठून पुढें येतात.

यंदाच्या सहामाहींत मीं तो जुना प्रश्न पुन्हां घातला, थोडा बदलून : "दोन संलग्न कोनांपैकीं एकाचें माप १३० अंश आहे. दुसऱ्याचें माप निश्चित सांगतां येईल काय? कारण लिहा." निम्म्याहून अधिक मुलांनीं "सांगतां येणार नाहीं" असें लिहून कारणहि दिलें. "५०" लिहिणारेहि होते. त्यांच्यापाशीं मी वेगळा बसणार आहें. एका मुलानें मात्र लिहिलें, "निश्चित सांगतां येणार नाहीं, पण तें २३० पेक्षां कमी असलें पाहिजे." पुस्तकांत हें नाहीं, मीं वर्गांत सांगितलेलें नाहीं. तांबडी लेखणी हातांत धरून मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसलों. मग भाकरी आठवली : १३० चा तुकडा काढल्यावर ताटांत २३० च उरते. त्यास पूर्ण गुण दिले. उत्तरपत्रिका परत देतांना विचारलें कीं, दुसरा कोन बरोबर २३० अंशांचा घेतला तर काय बिघडेल? तो अजून विचार करीत आहे, आणि मीं उत्तर सांगितलेलें नाहीं.